जुन्या गाडीचे नवे टायर

मी एक्स-रे काढते. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात एकोणीस वर्षं हेच काम करते आहे. माणूस गाडीवरून पडला की डॉक्टरच्या आधी त्याचं हाड मला दिसतं. मनगट, गळ्याखालची हंसळी, गुडघा, घोटा. पडताना काय आधी टेकतं आणि काय मोडतं हे मला पाठ झालं आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ह्यांनी फाटकासमोर ती उंच, मातकट रंगाची मोटारसायकल आणून उभी केली, तेव्हा मला गाडी दिसलीच नाही. मला आम्हा दोघांची हाडं दिसली, काळ्या फिल्मवर पांढरी.

हे शाळेत गणित शिकवतात. कुहीकडच्या शेतकरी घरातले; शेती धाकटे दीर बघतात. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ह्यांनी कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. पण त्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली, हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघंच उरलो आणि हे मोबाईलवर लांबच्या प्रवासाच्या गाड्या पाहायला लागले. पाहता पाहता एक सेकंडहँड गाडी घेऊनही आले. मालकाची बदली झाली होती, त्याला ती लवकर काढायची होती.

"अमरकंटकले जाऊ," हे म्हणाले. "नर्मदा निघते तिथं."

"बसनं जाऊ."

"बस आपल्याले वाटलं तिथं थांबते का?"

"मी नाही बसत ह्या गाडीवर."

"तू नाई तर मीबी नाई जात," असं म्हणून हे गाडी पुसायला लागले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांनी सगळं माझ्यावर टाकलं आणि फडकं घेऊन उन्हात उकिडवे बसले. दोन दिवस मी ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी रामटेकपर्यंत जायला तयार झाले.

त्या पहिल्या फेरीचं मला फारसं काही आठवत नाही. सीट इतकी उंच, की मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून बसावं लागलं. अंगात नेहमीचा पंजाबी ड्रेस, पायात चपला, डोक्यावर स्कुटीचं अर्धं हेल्मेट. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ह्यांनी गाडी नव्वदपर्यंत नेली. मी मागची दांडी इतकी घट्ट धरली होती की रामटेकला उतरल्यावर बोटं सरळ होईनात. गड चढले, देवदर्शन केलं, पण डोक्यात एकच होतं, परत यायचं आहे.

घरी आल्यावर मी सांगितलं, "मी येईन. पण टायर मी पाहणार आणि अंगावर काय घालायचं ते मी ठरवणार."

"टायर तर मस्त आहेत," हे म्हणाले. "नक्षी पाहा ना, एकदम नवी."

सक्करदऱ्याजवळ एक टायरवाले होते. साठीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं थोडं मराठी थोडं हिंदी. आमच्या दवाखान्याचे ड्रायव्हर त्यांच्याकडेच जातात म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि ते मागच्या चाकापाशी बसले.

"ताई, इकडे या. नख मारून पाहा."

मी टायरच्या नक्षीत नख रोवलं. रोवलंच जाईना. प्लास्टिकच्या बादलीवर मारल्यासारखं वाटलं.

"रबर मेलं हे," ते म्हणाले.

"पण नक्षी पूर्ण आहे, भाऊ," हे मधेच बोलले.

"चालली नाई म्हणून पूर्ण आहे, सर. हे चार आकडे पाहा, टायर कधी बनला त्याचे. पहिले दोन हप्त्याचे, मागचे दोन सालाचे. सात वर्षं झाली याले. आणि गाडी एकाच जागी उन्हात उभी राहत होती." त्यांनी डाव्या बाजूवरची धूळ बोटाने पुसली. खाली बारीक बारीक तडे होते, एप्रिलमधल्या तळ्याच्या गाळासारखे. उजवी बाजू त्या मानाने गुळगुळीत होती. जुन्या मालकाच्या घरी सावली कोणत्या बाजूला होती हेसुद्धा टायर सांगत होता.

चाक काढून टायर उतरवला तेव्हा त्यांनी आतून हात फिरवला आणि मधेच थांबले. मग टायर उजेडाकडे फिरवून मला दाखवला. आतल्या बाजूला, टायरच्या कडेच्या भिंतीवर, एक गोल ठिगळ होतं. त्याचा अर्धा भाग सुटून वर आला होता.

"हे ठिगळ इथं मारतच नाईत," ते म्हणाले. "मधे खिळा घुसला तर चालते. बाजूची भिंत दबते, सुटते, दबते, सुटते. हे कुठंतरी निघणारच होतं. याच्यावर कुठं गेले होते का?"

"रामटेकले," हे हळू आवाजात म्हणाले.

"दोघं?"

ह्यांनी मान हलवली.  टायरवाल्यांनी टायर बाजूला टाकला आणि फडक्याला हात पुसले. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.  नव्वदचा वेग, बाजूने जाणारे ट्रक, माझ्या पायातल्या चपला. जे घडलंच नाही त्याची भीती मला तेव्हा वाटली. मागच्या सीटवर बसून जी वाटली होती, तिच्यापेक्षा किती तरी मोठी.

नवे टायर निवडताना ह्यांना मोठ्या मोठ्या गोट्यांचे हवे होते, मातीत धावणाऱ्या गाड्यांना असतात तसे. गाडी त्यात रुबाबदार दिसते हे खरं.

"सर, जंगलात जाऊन राहिले का?" टायरवाल्यांनी विचारलं.

"नाई, अमरकंटक."

"मंग सगळं डांबरच आहे." त्यांनी आपला हात टेबलावर आधी बोटांच्या टोकांवर टेकवला, मग अख्खा तळवा टेकवला. "ओल्या डांबरावर तुमच्या गोट्या अशा टेकतात. आणि हा दुसरा टायर असा. कच्चा रस्ता थोडा लागला तरी निभावते."

"तळव्यासारखा द्या," मी म्हणाले. ह्यांचा चेहरा थोडा पडला, पण ठिगळ दोघांनीही पाहिलं होतं.

टायर बसवून झाल्यावर त्यांनी ह्यांना दोनदा बजावलं, "नवीन टायर तेलकट असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी वाकवायची नाई, ब्रेक जोरात दाबायचा नाई. विसरू नका."

पुढच्या रविवारी आम्ही शहरातल्या सदर भागात गेलो. तिथल्या एका दुकानात मोटारसायकलवर घालायचे कपडे मिळतात. दुकानातला मुलगा ह्यांना रंग दाखवत होता आणि मी शिवणी पाहत होते. मी प्रत्येक वस्तू माझ्या टेबलावर झोपलेल्या माणसांना आठवून घेतली. हनुवटीवर आपटलेला आठवला, म्हणून पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. घोटा उलटा फिरलेली बाई आठवली, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट. गुडघ्याच्या वाट्या, पाठीची ढाल. हातमोज्यांपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माणूस पडताना हात पुढे करतो. शहाणा असो की वेडा, करतोच. आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, काजूएवढं एक हाड असतं. तेवढ्याशा हाडासाठी माणसं तीन-तीन महिने प्लास्टरमध्ये राहतात. म्हणून तळव्यावर कडक पट्टी असलेलेच हातमोजे मी घेतले.

"मॅडम, तुम्ही चालवता का गाडी?" त्या मुलाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मी पडलेल्यांना पाहते."

त्यानंतर तो रंग सोडून शिवणी दाखवायला लागला.

माझ्या मापाचं जाकीट मात्र तिथे नव्हतं. बायकांची मागवावी लागतात म्हणे. शेवटी पुरुषांचं सगळ्यात लहान घेतलं. खांदे बसले, पण बाही सैल होती आणि कोपराची ढाल घसरून मनगटाकडे जात होती. कोपराला नसलेली ढाल काय कामाची?

माझे बाबा उमरेडला असतात. त्यांनी उभा जन्म हातमागावर काढला. आता माग बंद आहे, पण हात अजून स्वस्थ बसत नाही. नव्या टायरवरची पहिली फेरी तिथपर्यंतच करू असं ठरलं. सावकाश गेलो, काही झालं नाही. बाबांनी दारातूनच विचारलं, "फटफटीवर ढाली बांधून काहून आले? लढाई आहे का कुठं?"

मी त्यांना जाकीट दाखवलं. त्यांनी बाहीवर अंगठा फिरवला, कापड उजेडाकडे धरलं, वीण डोळ्यांजवळ नेली. मग त्यांची नजर ह्यांनी पिशवीतून काढलेल्या दुसऱ्या जाकिटाकडे गेली. ते गाडीबरोबर जुन्या मालकाने फुकट दिलेलं होतं, आणि हे म्हणत होते की आपल्याला तेच पुरेल, सदरला घेतलेलं नवीन कशाला वापरून खराब करायचं.

बाबांनी ते जुनं जाकीट घेतलं, बाहेर गेले आणि पायरीच्या खडबडीत दगडावर त्याची बाही दाबून घासायला लागले. एक, दोन, तीन. पाचव्यांदा घासताच कापड फाटून आतलं अस्तर दिसायला लागलं.

"जवाई, हे पाहा," बाबा म्हणाले. "दगड हलत नाई, मी हळूच घासून राहिलो, तरी गेलं. सडकेवर तुमचं अंग याच्यासारखं किती वेळ टिकन?"

 ते जाकीट आम्ही परत आणलंच नाही.

मग बाबांनी माझी एकेक बाही घेतली. मला जाकीट घालून हात वाकवायला लावला, कोपराचं टोक कुठे येतं तिथे खडूने खूण केली आणि आतून पट्टी लावून जाड दोऱ्याने ढाल जागेवर टाचली. सुई कापडातून जाताना त्यांना जोर लावावा लागत होता. सत्त्याहत्तर वर्षांचे हात. "बाई, हे हलणार नाई आता," असं म्हणून त्यांनी दोरा दाताने तोडला. मला रडू आलं होतं, पण मी चहा ठेवायला आत गेले.

दुपारी निघालो. ह्यांनी हातमोजे सीटखालच्या पिशवीत टाकले.

"काहून काढले?"

"नवे आहेत वं. बोटं आखडतात, क्लच समजत नाई. सावकाशच तर चाललो."

मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या तिसऱ्या वेळेचा विचार मी अजूनही करते.

उमरेडच्या बाहेर कोळशाचे ट्रक असतात. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं होतं आणि त्याचा काळा, पातळ चिखल झाला होता. पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला. ह्यांनी ब्रेक दाबला असावा. मला मागून एवढंच जाणवलं, की माझ्याखालचं मागचं चाक बाजूला निघालं. आवाज नव्हता, झटका नव्हता. पायाखालचं पायपुसणं कोणी ओढावं तसं. मग आकाश, मग काळं, मग डाव्या कोपरावर एक दणका आणि घसरत जाणं.

मी थांबले तेव्हा आडवी पडलेली होते आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. तो थांबला. किती अंतरावर थांबला ते मी पाहिलं नाही, हे बरं झालं. मी पडल्या पडल्या स्वतःची हाडं तपासली. बोटं हलली. मनगट वळलं. हंसळीवरून हात फिरवला. घोटा, गुडघा. कोपर दुखत होतं पण वाकत होतं. जाकिटाच्या बाहीवर वीतभर ओरखडा, आणि ढाल जिथे टाचली होती तिथेच.

"लागलं का वं तुले? लागलं का?" हे उठून माझ्याकडे येत होते, चिखलाने माखलेले. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता.

"हात दाखवा."

"काही नाई झालं. खरचटलं."

मी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत बोट दाबलं. ह्यांनी श्वास आत ओढला. मला तेव्हाच कळलं.

ट्रकवाल्याने आणि रस्त्यावरच्या दोघांनी गाडी उचलून कडेला लावली, आणि आम्ही एका टेम्पोतून माझ्याच दवाखान्यात गेलो. माझी सुट्टी होती, पण ह्यांचा हात मी दुसऱ्या कोणाला ठेवू दिला नाही. रोज शंभर हात ठेवते मी त्या काचेवर. "हलू नका" म्हणते आणि पडद्यामागे जाते. त्या दिवशी "हलू नका" म्हणताना माझाच आवाज फाटला. स्क्रीनवर चित्र उमटायला दोन-तीन सेकंद लागतात. एकोणीस वर्षांत ते मला कधी लांब वाटले नव्हते.

चित्रात काही दिसलं नाही. हे खुश झाले. मी झाले नाही, कारण ह्या हाडाची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा लपते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: प्लास्टर घालू, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू. त्या दोन आठवड्यांत मी रोज त्या एकाच हाडाचा विचार करत होते. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते आतल्या आत मरतं. ह्यांचा उजवा हात. फळ्यावर लिहायचा हात. पुन्हा फोटो काढला तेव्हा चीर दिसली, केसाएवढी, पण सरळ. हाड जागचं हललं नव्हतं. ह्यांना दहा आठवडे प्लास्टरमध्ये राहावं लागलं. शाळेत हे मुलांना फळ्यापाशी बोलावून गणितं सोडवून घ्यायचे. हाड जुळलं.

मी मनाशी ठरवून टाकलं की आता गाडी विकायची. बोललेही. हे "हो" म्हणाले, पण विकली नाही. मार्चमध्ये एका रविवारी सकाळी म्हणाले, "कुहीपर्यंत जाऊन येतो. एकटाच. गाडी उभी राहून खराब होऊन राहिली."  मी फक्त त्यांना हातमोजे घालताना पाहत राहिले. बारापर्यंत येतो म्हणाले होते. माझी ड्युटी होती.

बारा वाजता फोन केला तर लागला नाही. सव्वाबाराला नाही. साडेबाराला नाही. रविवारी आमच्याकडे पडलेलेच जास्त येतात. एक वाजायच्या सुमारास स्ट्रेचर आलं. उंच माणूस, काळं जाकीट, ह्यांच्यासारखंच. तोंडाभोवती आणि डोक्याला पट्ट्या, त्यावर रक्त. सोबतचा वॉर्डबॉय म्हणाला, "मॅडम, कुही रोडची केस आहे."

 मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. टेबलावरचा कागद उचलला आणि त्यावरचं वय शोधलं. अक्षर वाचता येईना. मी कागद खिडकीपाशी नेला. सव्वीस. सव्वीस वर्षं.

मला इतकं हलकं वाटलं की भिंतीला टेकावं लागलं. आणि लगेच लाज वाटली, कारण दाराबाहेर एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, पदर तोंडात धरलेली.

"ताई," ती म्हणाली, "माह्या पोराचं हाड तर नाई ना मोडलं?"

मी तिच्या मुलाचे सगळे फोटो काढले. सावकाश, एकही पुन्हा काढावा लागू नये असे. मांडीचं हाड मोडलं होतं. डोकं वाचलं होतं. तिला सांगायचं काम डॉक्टरांचं, पण मी बाहेर जाऊन तिच्याजवळ बसले आणि डॉक्टर येईपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

ह्यांचा फोन दोन वाजता आला. वावरात दिरांबरोबर होते, तिथे नेटवर्क नव्हतं. "गव्हाच्या ओंब्या भाजून खाऊन राहिलो होतो," हे म्हणाले. "का झालं वं?" मी फोन बंद केला. घरी आल्यावर मी त्यांच्याशी भांडले, इतकी की शेजारच्या वहिनी दारात आल्या. भांडून झाल्यावर मला स्वयंपाकघरात बसून एक गोष्ट कळली. मागे बसले होते तेव्हा मी भीत होते, पण काय होतंय ते मला दिसत होतं. इथे बसून मी प्रत्येक स्ट्रेचरवर ह्यांना पाहणार होते, प्रत्येक रविवारी.

ऊन वाढायच्या आत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही दोघं अमरकंटकला निघालो. शिवनी, मंडला, मग दिंडोरी. टायर एव्हाना घासून रुळले होते. मी चाकांतली हवा रोज सकाळी स्वतः तपासत होते. दिंडोरीच्या पुढे अवकाळी पावसाची सर आली, घाटात. डाव्या हाताला दरी. प्रत्येक वळणावर मी श्वास धरायची, वळण संपलं की सोडायची. ह्यांनी एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही. मी मात्र आतल्या आत सगळ्या वळणांवर दाबत होते.

पाऊस थांबल्यावर रस्त्याकडेच्या एका टपरीवर थांबलो. चहा करणारी बाई माझ्याकडे, बुटांकडे, चिखलाने भरलेल्या जाकिटाकडे बघत राहिली. शेवटी तिने विचारलंच, "डर नहीं लगता?"

"लगता है," मी म्हणाले. "बहुत लगता है."

ती हसली नाही. तिने मान हलवली आणि न मागता माझ्या ग्लासात आणखी थोडा चहा ओतला. अमरकंटक अजून दोन तास होतं.